क्राऊन-पिनियन बदललं, पण गाडीच्या डोक्यातला हिशोब कोण बदलणार?

आज उसाचं नाही, डाळिंबाचंही नाही, गाडीचं लिहितोय. आपल्या लोणी देवकर, पळसदेव भागात आता ऑटोमॅटिक गिअरच्या फोर-व्हील गाड्या वस्त्यांवर दिसायला लागल्यात. गाडी आली की पोरं पहिलं काम करतात ते मोठे टायर टाकायचं. मग गाडीची ओढ कमी होते. मग कोणीतरी सांगतं, "क्राऊन-पिनियन बदला, ओढ परत येईल." हे सांगणारा खोटं बोलत नाही. पण अर्धंच सांगतो.

आमच्या पुतण्याच्या गाडीवर हे सगळं होऊन गेलं, म्हणून आकड्यासकट लिहितो. गाडीचं आणि गॅरेजचं नाव घेत नाही. गाडीत दोष नव्हताच.

आधी मुळाशी जाऊ. मागच्या हौसिंगमध्ये छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. पिनियनला 11 दाते आणि क्राऊनला 41 असतील, तर 41 भागिले 11 म्हणजे 3.73. मधला लांब शाफ्ट 3.73 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. पिनियन 10 दात्यांचं घातलं तर 4.10. आकडा वाढला की ओढ वाढते, पळ कमी होतो. बैलगाडीच्या काळापासून हे गणित आपल्याला ठाऊक आहे, फक्त दाते मोजले नव्हते.

याचा शेतीशी संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 8 आणि 39 दाते, म्हणजे 4.88 चा आकडा होता. 1945 साली त्याच कंपनीनं शेतकऱ्यांना आणि सामान्य लोकांना विकायला सीजे-2ए जीप काढली, तिला 8 आणि 43 दाते घातले, 5.38. शेतात नांगर ओढायचा तर लढाईतला पळ काय कामाचा! आपल्याकडं महिंद्रांनी 1947 मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढं कितीतरी वर्षं गावोगावचे मिस्त्री त्या जीपांची क्राऊन-पिनियनं इकडची तिकडं करत राहिले, आणि कुठं काही अडलं नाही. कारण जीपला डोकं नव्हतं. गिअर ड्रायव्हर टाकायचा, इंजिनाचा आवाज ऐकून. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या बाजूनं, म्हणजे हौसिंगच्या अलीकडून यायची. मोठा टायर टाकला की मीटर कमी दाखवायचं, त्याच प्रमाणात क्राऊन-पिनियन बदललं की परत बरोबर दाखवायला लागायचं. एका बदलानं दोन कामं व्हायची.

आता पुतण्याची गाडी. कंपनीचा टायर 245/75 आर 16, उंची साधारण 774 मिलिमीटर. त्यानं टाकले 285/75 आर 16, उंची 834. म्हणजे पावणेआठ टक्के मोठं चाक. मीटर 80 दाखवतंय तेव्हा गाडी खरी 86 नं पळतीय. धरणाच्या फुगवट्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी दमायला लागली. छोटी ट्रॉली जोडून डाळिंबाचे क्रेट बांधावरून वर काढताना गिअर सारखा खाली-वर व्हायचा. टायर कमी कर म्हणलं, तर म्हणाला, "तात्या, दिसायला बरी दिसती." पुण्याकडच्या एका गॅरेजनं 3.73 काढून 4.10 ची जोडी बसवून दिली. हिशोब कागदावर चोख होता. टायरसाठी पावणेआठ टक्के हवे होते, मिळाले दहा. चार दिवस गाडी मस्त ओढली.

पाचव्या दिवशी भिगवणच्या अलीकडं हायवेवर दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. चाळीसच्या वर जाईना. बंद करून परत चालू केली की ठीक, वीस-पंचवीस किलोमीटरवर परत तेच. लंगड्या बैलासारखी घरी आली. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, त्यांनी बघून सांगितलं, गिअरबॉक्स गेला, सव्वादोन लाख धरा.

सव्वादोन लाख म्हणजे आमच्याकडं डाळिंबाच्या बहराचा अख्खा खर्च. पुतण्या हो म्हणायच्या बेतात होता. मी म्हणलं, थांब. गिअर घसरत नाही, ऑइलला जळका वास नाही, गाडी थंड असताना सगळे गिअर पडतात. गेलेला गिअरबॉक्स असा वागत नाही.

आधी बघितलं की गॅरेजनं पुढचं आणि मागचं, दोन्हीकडचं बदललंय का. फोर-व्हील गाडीत एकच बदललं आणि टणक रस्त्यावर फोर-व्हील टाकलं, तर पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मध्ये कुठंतरी तुटतं. हे बघायला हौसिंग उघडावं लागत नाही. गिअर न्यूट्रलला टाका, ट्रान्स्फरचा दांडाही न्यूट्रलला, बाकीच्या चाकांना दगड लावा, एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक जमिनीवर धरलेलं असतं, म्हणून दोन फेरे लागतात. शाफ्ट चार फेरे आणि वर थोडासा फिरला तर 4.10. पावणेचारच्या आतच राहिला तर 3.73. (लॉकवाल्या हौसिंगला ही युक्ती चालत नाही, तिथं दोन्ही चाकं उचलून बरोबर एक फेरा फिरवा.) आमचे पुढं-मागं दोन्हीकडं 4.10 निघाले. फिटिंगचं काम चांगलंच होतं, दातांचा आवाज नाही, ऑइल सील कोरडं.

मग स्कॅनर असलेल्या माणसाकडं गेलो. त्याच्या पडद्यावर चूक आली ती गिअरबॉक्सच्या आतली नव्हती. दोन ठिकाणांहून येणारे वेगाचे आकडे जुळत नाहीत, एवढंच. तिथं मला उलगडा झाला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट, दोन्हींचे फेरे मोजणारे सेन्सर असतात. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं कुठला गिअर पडलाय आणि क्लच घसरतोय का. हा हिशोब हौसिंगच्या अलीकडचा, त्याला धक्का लागत नाही. पण चारही चाकांना एबीएसचे सेन्सर असतात, तेही वेग सांगतात, आणि ही माहिती एकाच वायरीवरून सगळ्या कॉम्प्युटरांना जाते. कंपनीनं डोक्यात घालून दिलंय की शाफ्ट 3.73 फिरला की चाक एकदा फिरणार. आता शाफ्ट 4.10 फिरतोय. गाडी खरी 80 नं चालली असताना शाफ्ट सांगतो 82, चाकं सांगतात 74. कॉम्प्युटर म्हणतो, दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि धोका नको म्हणून एका गिअरवर लंगडत घरी पाठवतो. मीटरही चाकांच्या सेन्सरवरचं, त्यामुळं जुन्या जीपसारखं ते दुरुस्त झालंच नाही, टायरची चूक तशीच राहिली.

गंमत बघा, नुसता टायर बदलला होता तेव्हा कॉम्प्युटरला पत्ताच लागला नव्हता. चाक कितीही मोठं असो, शाफ्ट आणि चाक यांच्या फेऱ्यांचं नातं तेच राहतं. ते नातं फक्त क्राऊन-पिनियननं बदलतं. टायर वापस लहान केला असता तरी हा दहा टक्क्यांचा फरक हलला नसता.

काही गाड्यांत नवा आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायची सोय असते. भरला की गिअर बदलायची वेळ, मीटर, सगळं जागेवर येतं. आमच्या गाडीत ती सोय निघाली नाही. बाहेरून प्रोग्रॅम टाकून देतो म्हणणारे भेटले, पण एबीएस आणि गिअरबॉक्स दोन्ही त्यावर अवलंबून, बायकापोरं घेऊन हायवेला जायचं. मी नको म्हणलं. पुतण्या दोन दिवस बोलला नाही.

जुनी 3.73 ची जोडी त्यानं फेकली नव्हती, हे नशीब. एकमेकांवर घासलेली जोडीच परत बसवायची असते, एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावलं की महिन्यात गुणगुणायला लागतं. बसवताना मी शेजारी उभा होतो. दातांना रंग लावून ठसा बघितला, डायल गेजवर मोकळीक मिस्त्रीनं 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या मध्ये आणली, 90 नंबरचं हायपॉइड ऑइल भरलं. कंपनीच्या मापाचे टायर टाकले. दिवा परत लागला नाही. सव्वादोन लाखांचा गिअरबॉक्स तोच आहे, अजून चालतोय.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरच्या मूळ माहितीत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला आणि विम्यावाल्यानं हौसिंग उघडून बघितलं, तर काय उत्तर देणार?

ट्रॅक्टरवाल्यांनी हसू नका. फोर-व्हील ट्रॅक्टरला पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी, एक ते पाच टक्के, जास्त ओढती ठेवलेली असतात. उसाच्या ट्रॉलीसाठी मागं मोठे टायर टाकले आणि पुढचे तेच ठेवले तर हे नातं मोडतं, पुढचा धुरा ओढायच्या ऐवजी अडवायला लागतो. फवारणीवाल्यांनी तर टायर बदलला की घेर मोजलाच पाहिजे. खडूची खूण करून चाकाचे दहा फेरे चालवा, टेपनं अंतर घ्या. घेर सात टक्के वाढला, तर त्याच गिअरला त्याच आरपीएमला एकरी 200 लिटरच्या जागी 187 लिटरच पडतात, आणि आपण औषधाला नावं ठेवत बसतो.

4.10 ची जोडी, पुढची आणि मागची दोन्ही, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवलीय. जेमतेम पाच-सहाशे किलोमीटर चाललेली. त्याच हौसिंगची, हातानं गिअर टाकायची, एबीएस नसलेली जुनी गाडी कोणाकडं असेल तर येऊन बघा. येताना आपल्या गाडीचे दाते मोजून या.