फाटक नसलेल्या डोंगरावर

अहमदपूर, सप्टेंबर २०२४

९ सप्टेंबर, सोमवार

वर्ग एकदाचा सुरू झाला. वनस्पतिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा संध्याकाळपुरती मिळाली आहे. बाहेर मंडळाच्या गणपतीचा स्पीकर आणि आत पंखा, दोन्हींच्या वरताण बोलावं लागतं. निवृत्तीनंतर आवाजाला तेवढा व्यायाम बरा.

किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद आणि अहमदपूर गावातली पोरं आहेत. बहुतेक बी.एस्सी. होऊन घरी बसलेली. किनगावचा एकजण बारावीला अडकला, मग घरच्या शेळ्या राखत राहिला. बाकीच्यांनी मिळून जेवढे पक्षी पाहिले नसतील तेवढे त्याला नुसत्या आवाजावरून कळतात.

हाडोळतीच्या मुलीने पहिल्याच तासाला विचारलं, “सर, आपल्याकडं वाघ नाही. मग गाईड होऊन दाखवायचं काय?” शिरूरच्या मुलाला त्याहून नेमकं काही हवं होतं. “पगार किती?”

लातूर जिल्हा म्हणजे नीट आणि जेईईचा मुलूख. इथे पोराच्या प्रत्येक वर्षाचा हिशेब घरात मांडला जातो, तेव्हा पगार विचारण्यात काही गैर नाही. मी ताडोब्याचं उदाहरण दिलं. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. आत जाणाऱ्या प्रत्येक सफारी गाडीत गाईड घ्यावाच लागतो आणि ते गाईड आजूबाजूच्या गावांतले असतात. पर्यटक वाघासाठी येतो हे खरं, पण गाईडच्या हाताला काम लागतं ते फाटकावरच्या नियमामुळे. आपल्या बालाघाटाच्या डोंगराला फाटक नाही. कुणीही येतं, चढतं, उतरतं. मग आपल्याला पैसे कुणी आणि का द्यावेत? याचं उत्तर वर्ग संपेपर्यंत शोधायचं, एवढंच आज ठरलं.

११ सप्टेंबर

आज प्रत्येकाने तरवडासमोर उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. ऐकायला महाविद्यालयाच्या शिपायाला आणि चहावाल्या पोराला बसवलं.

बी.एस्सी.वाल्यांनी धडाधड म्हणून दाखवलं: सेना ऑरिक्युलाटा, पानं संयुक्त, फुलं पिवळी, शेंग चपटी. एक अक्षर चुकलं नाही. शिपाई मात्र तिसऱ्या वाक्याला गेटकडे बघू लागला होता.

किनगावचा उठला. “हे झाड शेळी खात नाही. म्हून माळावर बाकी सगळं गेलं तरी हे उरलंय.” मग म्हणाला, कातडं कमवायला याची साल लागायची. आणि घटाला याच्या फुलांची माळ घालतात, ती तर सगळ्यांनी बघितलीच आहे. एवढं बोलून तो बसला. शिपाई उठून झाडाजवळ गेला आणि साल नखाने खरवडून पाहू लागला.

लॅटिन नाव टाकून द्यायचं नाही. ते पाठ असेल तर बाहेरचा अभ्यासक आपल्याला गंभीरपणे घेतो. पण ते शेवटी सांगायचं, आणि विचारलं तरच. पाठांतरात पक्की झालेली ही मुलं. त्यांना गप्प कधी राहायचं ते शिकवणं मला सगळ्यात जड जाणार.

१३ सप्टेंबर

आज उत्तरा नक्षत्र लागलं. प्रथमोपचाराचा दिवस. ओळखीच्या एका परिचारिका आल्या होत्या. उशीवर छातीदाब शिकवला: तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. पहिल्यांदा हसले, घाम फुटल्यावर हसू थांबलं.

सापांचा विषय आपोआप निघाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चावल्यावर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण डोंगराच्या कुठल्या बाजूला गाडी येते आणि मोबाइलची रेंज कुठे जाते हे फक्त तिथल्याच माणसाला माहीत असतं. ते वहीत लिहून ठेवायचं. अहमदपूरच्या मुलीने विचारलं, साप दिसला तर पकडून दाखवला तर चालेल का, लोक व्हिडिओ काढतात. चालणार नाही. साप दुरून दाखवायचा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं.

शेळीवाल्याने बांधावरची कळलावी आणली होती, टोकाला लालभडक आणि खाली पिवळी. दिसायला इतकं देखणं, पण कंदात कोल्चिसीन असतं. थोडा कंद पोटात गेला तरी माणूस दगावू शकतो. फूल हातोहात फिरलं, नंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले.

१५ सप्टेंबर, रविवार

वडवळ नागनाथ. चाकूर तालुका, आमच्यापासून महामार्गाने जवळच. रस्त्याच्या दोन्ही अंगाला शेंगा धरलेलं सोयाबीन. मधेच हरणांचा कळप रानातून उड्या मारत गेला. मुलांनी मोबाइल काढले, बांधावरच्या माणसाने दगड उचलला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. गाईडला दोन्ही बाजू सांगता आल्या पाहिजेत.

गावापासून तीनेक किलोमीटरवरचं हे बेट, म्हणजे डोंगरच, सहाशे ते साडेसहाशे फूट उंच आणि तीन किलोमीटर पसरलेलं. दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी याचं नाव आहे. उत्तरा नक्षत्रात त्या गुणाला येतात असा समज असल्यामुळे या पंधरवड्यात आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक येतात, आणि त्यांच्या दुपटीने साधी माणसं. आज वाटेवर एक म्हातारी बसली होती. गुडघे धरलेले. म्हणाली, “उत्तरंतल्या वाऱ्यानंबी बरं वाटतंय बाबा.” मी मान डोलावली. सकाळच्या वाऱ्यात डोंगर चढून आल्यावर बरं वाटणारच.

तिच्या पुढे मात्र चौघेजण खुरपं आणि खताची रिकामी पिशवी घेऊन शतावरी खणत होते.

उतरल्यावर झाडाखाली बसून दोन नियम ठरवले. एक: “लोक असं मानतात” म्हणायचं, “यानं हा आजार बरा होतो” असं कधीच म्हणायचं नाही. आजार बरा करण्याच्या दाव्यांच्या जाहिरातींना रोखणारा कायदा १९५४ पासून आहे. आणि कायदा नसता तरी आपल्या बोलण्यावरून कुणी भलतंच मूळ उगाळून प्यालं, तर ते पाप आपल्या माथी येणार. दोन: पान तोडलं तर झाड राहतं, शतावरीची मुळं उपसली की वेल संपते. म्हणून फेरीचं पहिलं वाक्य खुरप्याबद्दल असेल, देवाबद्दल किंवा इतिहासाबद्दल नंतर.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. सकाळी झेंडावंदन, दुपारी उदगीर तालुक्यातलं हत्तीबेट, रात्री विसर्जन. पाय दुखतायत, थोडक्यात लिहितो.

हत्तीबेटावर कोरीव लेणी आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे आणि रझाकारांशी झालेल्या लढ्याच्या आठवणी आहेत. तिन्हींसाठी वेगळी माणसं येतात आणि प्रत्येकाला उरलेली दोन अडगळ वाटतात. शिरूरच्या मुलाने पणजोबांची हकिगत सांगितली, रंगवून. ऐकायला छान, पण गावातून पळून जाण्याची तारीख त्याने निजामाच्या शरणागतीच्या, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या, पुढे नेऊन ठेवली. घरी ऐकलेलं सांगावं जरूर, “आमच्या घरात सांगतात” असं म्हणून. पुस्तकातलं वेगळं ठेवावं. दोन्ही मिसळलं की तिसरंच काहीतरी तयार होतं आणि ते पर्यटकाबरोबर पुण्या-मुंबईला जातं.

१९ सप्टेंबर

आज फळ्यावर नकाशा काढला.

वेळास, रत्नागिरी. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांत पाहुणे उतरू लागले. वेंगुर्ला, सिंधुदुर्ग. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडीतून कांदळवन दाखवतात. भिगवण, उजनीचं पाणलोट. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि मच्छीमारांच्या होड्या पर्यटकांना घेऊन निघतात. तारकर्ली. पर्यटन महामंडळाच्या स्कूबा संस्थेत पाण्याखाली उतरण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळतं.

मग विचारलं, यातल्या कुठल्याच ठिकाणी ताडोब्यासारखं फाटक नाही. तरी लोक पैसे का देतात?

बराच वेळ कुणी बोललं नाही. हाडोळतीची मुलगी म्हणाली, “होडीशिवाय दिसतच नाही, सर.” मग भराभर आलं. वेळासला पिल्लं कुठल्या पहाटे बाहेर येणार ते गावालाच कळतं. तारकर्लीला शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात उतरायची हिंमत होत नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाहुण्याचं असं एक काम आहे जे त्याचं त्याला जमत नाही.

वडवळला पाहुण्याला काय जमत नाही? चढता येतं, फोटो काढता येतो. ओळखता येत नाही. गुळवेल समजून तो दुसराच वेल घरी नेतो. तिथेच आपलं काम आहे, आणि त्यासाठी वनस्पती चुकता उपयोगाची नाही.

२० सप्टेंबर

हाडोळतीच्या मुलीचे वडील आले. खुर्ची दिली तरी बाकावरच बसले.

“गुरुजी, बारा महिने चालतंय का हे?”

खरं ते सांगितलं. इथे नाही चालत. वडवळचा हंगाम पंधरवड्याचा, हिवाळ्यात पक्ष्यांचे थोडे दिवस. नुसत्या एवढ्यावर घर चालणार नाही. पण इथे शिकलेलं दुसरीकडे लागू पडतं: व्याघ्र प्रकल्पांभोवतालचे रिसॉर्ट, शाळांची निसर्ग शिबिरं, कृषी पर्यटन केंद्रं. कृषी पर्यटनाचं धोरण राज्याने २०२० मध्ये आणलं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, घरबसल्या करता येतो. सुरुवातीचा पैसा कमीच मिळतो, आणि परगावी राहण्याची तयारी लागते. मुलीच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट घरात बोलून ठरवावी लागेल, हेही सांगितलं.

ते हसले. “सोयाबीनचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव हाय कागदावर. बाजारात त्येच्या खालीच घेऊलालेत. पिकाला हमी नाही, पोरीच्या शिक्षणाला कुठून मागू?” उठताना म्हणाले, “पाहुण्यानला हरणं दाखवा आणि जाताना गाडीत घालून द्या.”

२२ सप्टेंबर, रविवार

वडवळला सरावाची पहिली फेरी. पाहुणे म्हणजे आयुर्वेदाचे काही विद्यार्थी आणि लातूरचं एक कुटुंब. मी मागे राहिलो आणि तोंड उघडलं नाही.

हाडोळतीची मुलगी पुढे. एका विद्यार्थ्याने गवताचं नाव विचारलं. तिने सरळ सांगितलं, “माहीत नाही. फोटो काढते, संध्याकाळपर्यंत कळवते.” नंबर लिहून घेतला. विद्यार्थ्याचा चेहरा पडला नाही, उलट पुढचे सगळे प्रश्न त्याने तिलाच विचारले.

वरच्या टप्प्यावर खुरपंवाला भेटलाच. मुलांनी नियम सांगितला असता तर भांडण झालं असतं. किनगावचा त्याच्याजवळ उकिडवा बसला, कशासाठी नेताय विचारलं, गुळवेलीचा तुकडा खोडाचा घेतात, मूळ लागत नाही, आणि तो तुकडा तुमच्या बांधावरच्या लिंबावर लावला तर वर्षभर दारात राहील, असं सांगितलं. माणसाने खुरपं पिशवीत टाकलं.

शेवटी ऐच्छिक पन्नास रुपये ठेवायला डबा ठेवला. तेवढ्यात गावातले एक वयस्क गृहस्थ आले. आवाज चढलेला नव्हता. “डोंगर आमचा. अहमदपूरच्या पोरांनी इथं पैसे कामून गोळा करावेत?”

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न रास्त होता. ताडोब्याच्या फाटकावर गाईड गावचा असावा लागतो, त्यामागे नेमकं हेच आहे. डबा त्यांच्याच हातात दिला.

२४ सप्टेंबर

गावात बसलो. चहा, सुपारी, मग विषय. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित धरली आहे, हे मी सांगितलं. वनस्पती कुठे आहे, कोण वापरतं, केव्हा वापरतं, हे गावाने स्वतः लिहायचं. ही माहिती तुमची आहे, ती पाहुण्याला किती सांगायची हेही तुम्ही ठरवा.

तरुणांना डब्यात रस होता, म्हाताऱ्यांना वहीत. एका आजोबांनी तिथल्या तिथे झाडांची नावं सांगायला सुरुवात केली. त्यातली कित्येक नावं मी जन्मभर शिकवलेल्या पुस्तकांत कधी आली नाहीत. वडवळची तीन मुलं वर्गात यायला तयार झाली, त्यात एक मुलगी.

२७ सप्टेंबर

जागतिक पर्यटन दिन. उत्तरा संपलं. परीक्षा घेतली नाही. प्रत्येकाने एकेका अनोळखी माणसाला महाविद्यालयाच्या आवारातून फिरवून आणलं आणि त्या माणसाला नंतर काय आठवतं ते मी विचारलं. शिरूरच्या मुलाच्या पाहुण्याला फक्त शिरूरचा मुलगा आठवला. त्याला अजून वेळ लागेल. तो तसाही पुण्याला स्पर्धा परीक्षेला निघालाय, आणि मी अडवणार नाही.

वडवळच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टी इथे नोंदवून ठेवतो. पुढचा वर्ग वडवळलाच भरेल. प्रत्येक फेरीत एक गाईड गावचा असलाच पाहिजे. डब्यातला निम्मा वाटा फिरवणाऱ्याचा, निम्मा गावच्या वहीसाठी आणि वाटेवरच्या पाट्यांसाठी. ओळखपत्र कुणालाही लगेच मिळणार नाही. आधी डोंगराच्या आपल्या वाट्याच्या पट्ट्यातली झाडं आजोबांकडून तपासून वहीत उतरवायची, मग गाव सही करणार. पहिली तपासणी पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबर. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस असतो, बाराला सालिम अलींचा.

गावाने घातलेली ही सहीची अट माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. आता पहिल्या पानावर आहे.