रणजीत मोठं कोण? मुंबई, का आपला विदर्भ?

मंडळी, हा वाद दत्त चौकातल्या कोणत्याही टपरीवर काढून पाहा. अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. रणजी करंडकाच्या इतिहासात सगळ्यात मोठी टीम कोणती? मुंबई म्हटलं की कोणीतरी लगेच उसळतो, "काय सांगून राह्यला बे मुंबईचं! जामठ्यात त्यायले कसं लोळवलं, विसरला काय?" त्यावर दुसरा शांतपणे एकच आकडा सांगतो, ४२. मग पहिला म्हणतो, "ते आजोबाच्या काळातले." आणि गाडी हळूहळू अनुशेषावर, नाहीतर वेगळ्या विदर्भावर येऊन थांबते. आपल्याकडचे बहुतेक वाद तिथेच थांबतात.

पोरांचा वाद वेगळा आहे. ती मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्जवरून भांडतात. दोघांकडे पाच-पाच ट्रॉफ्या आहेत, भांडू द्या. पण तिथे खेळाडू लिलावातून येतो. आज तुमचा हिरो असलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या जर्सीत दिसतो. रणजीचा संघ प्रदेशाचा असतो. तो हरला तर आपण हरल्यासारखं वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर हिशेब मांडतो. ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांनीही वाचा, कारण शेवटी विषय आपल्या जिल्ह्यावर येणार आहे.

आधी आकडे.

रणजी स्पर्धा १९३४-३५ ला सुरू झाली. पहिली दोन्ही विजेतेपदं मुंबईची. आतापर्यंत मुंबईच्या नावावर ४२ आहेत. तिच्यानंतर कर्नाटक ८ आणि दिल्ली ७. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पाचपट! त्यातही १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईच जिंकली. एखादं पोरगं पहिलीत गेलं, दहावी झालं, बारावी झालं, बी.ए. होऊन बाहेर पडलं, तरी चॅम्पियन तोच. शेवटी १९७३-७४ ला कर्नाटकने सेमीफायनलमध्ये ती साखळी तोडली. जगात कुठल्याही खेळाच्या लीगमध्ये असं उदाहरण शोधायला जा, फार थोडी सापडतील. बेसबॉलवाले अमेरिकन लोक न्यूयॉर्क यांकीजच्या २७ विजेतेपदांवर पुस्तकं लिहितात. त्यांनाही सलग पाचच्या पुढे जाता आलेलं नाही.

आता आपला हिशेब. विदर्भ रणजीत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ ला, म्हणजे मुंबईची ती १५ वर्षांची मालिका सुरू व्हायच्या एक वर्ष आधी. आणि पहिली ट्रॉफी हातात आली १ जानेवारी २०१८ ला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीला ९ विकेटनी हरवून. मध्ये ६० वर्षं गेली. रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, फैज फझलची कॅप्टनशिप. त्या दिवशी नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत लोकांनी एकमेकांना नवीन वर्षाच्या नाही, रणजीच्या शुभेच्छा दिल्या. दुसरी ट्रॉफी पुढच्याच वर्षी, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून. तिसरी २ मार्च २०२५ ला जामठ्यात. केरळविरुद्धचा सामना ड्रॉ झाला, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी आपली होती.

४२ विरुद्ध ३. इथे वाद संपायला पाहिजे. पण "आजोबाच्या काळातले" हा मुद्दा असा उडवून लावता येत नाही.

पूर्वी रणजी झोनवार खेळली जायची. विदर्भ मध्य विभागात होता. बरीच वर्षं तिथून एक किंवा दोनच संघ बादफेरीत जायचे. साठच्या दशकात आपल्या झोनमध्ये सलीम दुराणी आणि हनुमंत सिंगांचा राजस्थान होता, जो स्वतः पुन्हा पुन्हा फायनल गाठून मुंबईकडूनच हरत राहिला. दुसरी गोष्ट, तेव्हा भारत वर्षाला मोजक्याच टेस्ट खेळायचा. त्यामुळे वाडेकर, सरदेसाई, गावसकर असे टेस्ट खेळाडू रणजीलाही हजर असायचे. आज भारताचा मोठा खेळाडू रणजीत दिसला की त्याची बातमी होते. त्यामुळे तेव्हाची मुंबई आणि आजची मुंबई एकाच तराजूत घालणं अवघड आहे.

मग अलीकडचाच काळ घेऊ. २०१७-१८ ते २०२४-२५ या काळात करोनामुळे एक वर्ष स्पर्धा झाली नाही. उरले सात हंगाम. त्यात विदर्भ तीन, सौराष्ट्र दोन, मध्य प्रदेश एक, मुंबई एक. या काळातला मोठा संघ कोण, हे वेगळं सांगायला नको. मुंबईने ते एक जिंकलं मार्च २०२४ ला, वानखेडेवर, तेही आपल्याला हरवून. ५३८ धावांचा डोंगर पुढे होता, तरी आपण ३६८ पर्यंत गेलो. पुढच्या फेब्रुवारीत हिशेब चुकता झाला. रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दुल ठाकूर अशी फौज घेऊन मुंबई जामठ्याला सेमीफायनल खेळायला आली आणि ८० धावांनी हरून गेली. त्याच हंगामात आपल्या हर्ष दुबेने ६९ विकेट काढल्या. रणजीच्या एका हंगामात इतक्या विकेट त्याआधी कोणी घेतल्या नव्हत्या.

तरीही मला विचाराल तर माझं मत मुंबईच्याच बाजूने आहे. थांबा, लगेच "विदर्भद्रोही" म्हणू नका. माझं कारण ४२ हा आकडा नाही.

आपण पहिली ट्रॉफी जिंकली तेव्हा कोच कोण होता? चंद्रकांत पंडित. मुंबईचा विकेटकीपर, मुंबईलाही कोच म्हणून रणजी जिंकून देणारा, आणि पक्का खडूस. मुंबईच्या क्रिकेटमध्ये खडूस हा शब्द कौतुकाने वापरतात. विकेट फेकायची नाही, मॅच सोडायची नाही, समोरच्याला फुकट एक रनही द्यायचा नाही. आणि इंदूरला विजयी फटका कोणी मारला? वसीम जाफरने. तोही मुंबईकर, रणजीत सर्वाधिक धावा करणारा माणूस. पुढच्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, त्याने विदर्भासाठी हजारावर धावा काढल्या. हेच पंडित पुढे मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ च्या फायनलमध्ये त्यांनी खुद्द मुंबईलाच हरवून दाखवलं. जो संघ हरवणाऱ्यांनाही तयार करतो, तो मोठा नाही तर काय?

पंडित आणि जाफर आकाशातून पडले नाहीत. मुंबईत आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, शिवाजी पार्कवर एकाच वेळी कितीतरी मॅचेस चालतात. एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या मिडऑफशेजारी उभा असतो. शाळांसाठी हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड. तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी १९८८ मध्ये त्या हॅरिस शील्डमध्येच झाली. क्लबांसाठी १९४८ पासून कांगा लीग, तीही भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर. कंपन्यांसाठी टाइम्स शील्ड, ज्यामुळे खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची आणि नोकरी करूनही खेळता यायचं. शाळा, क्लब, ऑफिस अशी ही चळत आहे. तिच्या टोकाला जे अकरा जण उरतात, त्यांना आपण मुंबईचा रणजी संघ म्हणतो. ४२ ट्रॉफ्या त्या चळतीच्या आहेत.

विदर्भात माणसं नव्हती असं थोडंच आहे. भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. पण मोठे झाले ते इंदूरला, होळकर महाराजांच्या आश्रयाने. त्यांच्या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली. माणूस आपला, मैदान दुसऱ्याचं. शेतमालाच्या बाबतीतही आपण हेच म्हणत असतो ना, कापूस आमचा आणि गिरणी त्यांची?

हे चित्र बदललं ते भाषणांनी नाही. २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम उभं राहिलं. त्यानंतर निवासी अकादमी आली, वयोगटांच्या संघांवर मेहनत झाली, कोच नेमले गेले, बाहेरून दोन-तीन अनुभवी खेळाडू आणले आणि बाकीची जागा पोरांना दिली. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये भारतासाठी टेस्ट खेळला. दहा वर्षांत ट्रॉफी आली. नागपूर करार १९५३ चा. त्यातल्या आश्वासनांवर आपण अजून निवेदनं देतो आहोत. क्रिकेटमध्ये मात्र कोणीतरी निवेदन बाजूला ठेवून खालपासून काम केलं आणि ते दिसलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

विदर्भाच्या दुसऱ्या ट्रॉफीची फायनल आठवा, फेब्रुवारी २०१९. पहिल्या डावात आपण ३१२ केल्या, सौराष्ट्राने ३०७. फक्त पाच धावांची आघाडी. त्या ३१२ मध्ये खालच्या नंबरवर येऊन नाबाद ७३ करणारा होता अक्षय कर्णेवार, आपल्या पांढरकवड्याचा. दोन्ही हातांनी बॉलिंग करणारा! काही दिवसांनी इराणी करंडकात त्याने शतक ठोकलं. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत चार ओव्हर टाकल्या, चारही मेडन, दोन विकेट, शून्य धावा. हा विक्रम आपल्या जिल्ह्यातल्या पोराच्या नावावर आहे, आणि आपल्यातल्या कितीजणांना तो माहीत आहे?

मी वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतो आहे. टेनिस बॉलच्या टुर्नामेंट किती कव्हर केल्या त्याचा हिशेब नाही. उन्हाळा आला की गावोगावी कोणत्या ना कोणत्या नेत्याचा चषक असतो. पन्नास हजारांचं बक्षीस, डीजे, फ्लेक्सवर नेत्याचा फोटो बॅटपेक्षा मोठा. गर्दी चिकार. पण त्याच गावातल्या पोराला वर्षभर लेदर बॉलवर खेळायचं असेल तर? चांगली खेळपट्टी, रोज येणारा कोच, शाळांची नियमित स्पर्धा? मला फिरताना सिमेंटच्या पट्ट्या दिसल्या, गवत वाढलेली मैदानं दिसली, लग्नाच्या मांडवासाठी दिलेली मैदानं दिसली. पोरगं खरंच चांगलं निघालं की बापापुढे पहिला प्रश्न एकच, नागपुरात खोली कुठे करायची? महिन्याचं भाडं, मेस, किट. ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू आहे त्याने हा प्रश्न कसा सोडवायचा?

नागपूरची एसटी जामठ्याच्या त्या मोठ्या स्टेडियमवरूनच जाते. खिडकीतून ते दिसतं, पण बस काही तिथे थांबत नाही.

कडू वाटेल, पण बोलतो. आपण मुंबईबद्दल जे बोलतो, की सगळं तिकडेच, आमच्या वाट्याला काही नाही, तेच उमरखेडचं, वणीचं, पुसदचं पोरगं नागपूरबद्दल बोलू शकतं. आणि झरी-जामणीच्या पाड्यावरचं पोरगं यवतमाळबद्दल. अन्याय फक्त मुंबईहून येतो असं नाही. प्रत्येक पायरीवर वरचा माणूस खालच्यासाठी मुंबई असतो. मुंबईच्या संघाकडून शिकायचं ते हेच की टोकावरचे अकरा चांगले हवे असतील तर पायथा रुंद पाहिजे. विदर्भाच्या तीन ट्रॉफ्यांनी नागपूरचा पायथा दाखवला. तो १५० किलोमीटर पुढे सरकवायचं काम अजून बाकी आहे.

म्हणून या वादाचा माझा निकाल असा. रणजीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संघ मुंबई, यात शंका नाही. गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा संघ विदर्भ, यातही शंका नाही. पण "आपण जिंकलो" यातलं "आपण" किती मोठं आहे, हा प्रश्न उरतो.

आता नेत्यांच्या चषकांचा सीझन येईल. आयोजक मंडळींत माझे खूप मित्र आहेत, त्यांना जाहीर विनंती. बक्षिसाच्या रकमेतले अर्धे पैसे बाजूला काढा आणि तालुक्यात एक खेळपट्टी नीट करा. वर्षभर टिकेल अशी. दहा शाळांची एक साधी लीग चालवा, फ्लेक्स नसला तरी चालेल. आणि नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य मत मागायला दारात आले की नाली-रस्त्यासोबत एवढं विचारा, "भाऊ, आमच्या पोरायनं खेळाचं कुठं?"

तुमच्या गावात लेदर बॉलवर खेळता येईल असं मैदान आहे का? आहे तर कुठे, नाही तर का नाही, ते मला कळवा. तालुकावार यादी करतो आणि बातमी लावतो.