नेत्रवैद्याची दृष्टी

जर्मनीतील फ्युर्थ नगरीचे नेत्रवैद्य एडुआर्ड एन्स्लिन (१८७९–१९७०) रुग्णसेवेतून उरलेला वेळ करवतमाश्यांच्या अभ्यासास देत. या माशीची मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून त्यात अंडी घालते. तिची अळी फुलपाखराच्या सुरवंटासारखीच दिसते. परंतु सुरवंटाच्या डोक्यावर प्रत्येक बाजूस बहुधा ६ सूक्ष्म नेत्र असतात, हिला एकेकच. असे बारकावे पारखीत त्यांनी मध्य युरोपातील करवतमाश्यांवरील आपला ग्रंथ १९१२ ते १९१८ या काळात, पहिले महायुद्ध पेटले असतानाही, खंडशः प्रसिद्ध केला. कित्येक जातींच्या शास्त्रीय नावांपुढे एन्स्लिन हे नाव आजही लिहिले जाते. क्षुद्र मानलेल्या जिवालाही नाव आणि कुळ असते. ते आस्थेने नोंदून ठेवणारा मात्र कोणीतरी लाभावा लागतो.