बोलावणं पोचलं पाहिजे

आमच्या माळशिरसात लग्नाची पत्रिका नुसती टपालाने आली, तर थोरली माणसं मनाला लावून घेत. बोलावणं म्हणजे घरी येऊन अक्षत देणं. दाराला कुलूप असलं, तर शेजारी निरोप ठेवायचा आणि संध्याकाळी पुन्हा खेप घालायची. मुहूर्त बदलला, तर पुन्हा घरोघर जायचं. बोलावणं पोचवण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची, हे सगळेच धरून चालत.

आषाढी वारीला तर बोलावणंच लागत नसे. आषाढाआधी अधिक महिना आला की इंग्रजी तारीख लांबे, तरी माउलींची पालखी नातेपुत्याहून मुक्कामाला येई, तेव्हा घराघरात पिठलं-भाकरीची तयारी असे. कारण सगळे एकच पंचांग पाहत.

नोकरीसाठी पुण्याला आलो आणि बोलावणी ईमेलने येऊ लागली. अशा ईमेलसोबत कॅलेंडरची एक छोटी फाईल असते. तिची ‘आयकॅलेंडर’ ही सामाईक रचना 1998 मध्ये ठरली, 2009 मध्ये सुधारली गेली. प्रत्येक बैठकीला स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. वेळ बदलली की त्यावरून जुनी नोंद शोधून तिच्या जागी नवी यावी, अशी योजना आहे. म्हणजे इथेही पंचांग एकच आहे. वाचणारी सॉफ्टवेअरं मात्र ते आपापल्या परीने वाचतात. एकातून निघालेलं निमंत्रण दुसऱ्यात नुसती जोडलेली फाईल होऊन पडून राहतं. रद्द झालेली बैठक कॅलेंडरात तशीच दिसते. वेगळी वेळ सुचवण्याची सोय रचनेत आहे, पण अनेक सॉफ्टवेअरं ती ओळखतच नाहीत. मग हो, नाही किंवा कदाचित, एवढ्यातच उत्तर बसवावं लागतं. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आणि तिकडच्या वेळेने ठरलेली साडेसहाची बैठक आपल्याकडे साडेसातला होते. हिशेब बरोबर असतो, पण वेळ सरकल्याचं कुणी सांगत नाही.

या सगळ्याची झळ माणसाला बसते. बैठकीला न आलेला सहकारी बेजबाबदार ठरतो. बोलावणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं का, हे कुणी विचारत नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

म्हणून निमंत्रण पाठवताना मी मजकुरातच वार, तारीख आणि भारतीय वेळ लिहितो. बदल झाला की फोन करतो. पण हे काम सॉफ्टवेअरनेच करायला हवं. ‘पाठवलं’ एवढ्यावर त्याने थांबू नये. निमंत्रण समोरच्या कॅलेंडरात नीट बसलं का, बदललेली वेळ तिथे लागली का, हे बोलावणाऱ्याला कळलंच पाहिजे. तोवर सॉफ्टवेअरची जबाबदारी संपत नाही.