खाली खडवली, वर सँडहर्स्ट रोड!

रोज ऑफिसला जाता-येता आपण कितीतरी जिने चढतो, उतरतो आणि विसरतो. पण मुंबईत एक स्टेशन असं आहे, जिथे जिना चढला की लाइनच बदलते. खडवलीच्या जमिनीवरच्या प्लॅटफॉर्मपासून या दुमजली स्टेशनापर्यंतची ही एक दिवसाची सफर...

तुम्ही डोंबिवली-कल्याणकर असाल तर खडवली तुम्हाला कशी माहीत असते? एकतर इंडिकेटरवर ‘कसारा’ लागलं की टिटवाळा आणि वासिंदच्या मधलं एक नाव म्हणून. नाहीतर कॉलेजच्या ग्रुपबरोबर भातसा नदीवर केलेली पहिली पावसाळी पिकनिक म्हणून. वीकेंडला टिटवाळ्याला गणपतीचं दर्शन आणि पुढे खडवलीला नदी, हा अनेकांचा ठरलेला प्लॅन असतो.

पण पाय नदीकडे वळण्याआधी पाच मिनिटं स्टेशनवर थांबून बघा. इथे सगळं जमिनीवर आहे. रूळ जमिनीवर, प्लॅटफॉर्म त्याच्या कडेला आणि डोक्यावर मोकळं आकाश. उंच म्हणावं असं काही असेल तर तो पादचारी पूल! सीएसएमटीपासून सुमारे ७१ किलोमीटरवर आलोय, हे त्या मोकळेपणावरूनच कळतं.

हा मार्ग मात्र भलताच म्हातारा आहे, बरं का. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोहोचली आणि कल्याण ते वासिंद हा टप्पा सुरू झाला १ ऑक्टोबर १८५५ ला. म्हणजे पहिल्या गाडीनंतर अवघ्या अडीच वर्षांत खडवलीच्या शिवारातून इंजिनाचा धूर निघत होता. तेव्हा रेल्वेला जागेची फिकीर नव्हती. समोर रान, नदी आणि पुढे कसारा घाट. रूळ टाकायचे ते जमिनीवरच.

जागा संपली, गाडी वर गेली

आता चित्राचं दुसरं टोक. खडवलीहून सीएसएमटीची फास्ट पकडा. दीड तासाच्या वर बूड टेकवण्याची (किंवा उभं राहण्याची) तयारी ठेवा. दादर किंवा भायखळ्याला उतरून स्लो ट्रेनमध्ये बसा आणि भायखळ्यानंतरच्या सँडहर्स्ट रोडला उतरा. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे मेन लाइनवरच्या भल्याभल्यांनी हे स्टेशन फक्त खिडकीतून पाहिलेलं असतं.

उतरल्यावर वर बघा. डोक्यावर छत आहे असं वाटतं, पण ते नुसतं छत नाही. वर आणखी एक स्टेशन आहे! खालच्या मजल्यावर मेन लाइन, वरच्या मजल्यावर हार्बर लाइन. वरून गाडी गेली की खाली उभ्या असलेल्या माणसाला धडधड ऐकू येते. आज घाटकोपरला मेट्रो डोक्यावरून जाते याचं कुणाला अप्रूप नाही, पण इथे ही करामत शंभर वर्षांपूर्वीची आहे. लोखंडी खांब नीट पाहा. काहींवर १९२१ हे साल आणि ग्लासगोच्या कारखान्याचं नाव ओतीव अक्षरांत दिसतं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर नकाशात आहे. हार्बर लाइन १९१० मध्ये सुरू झाली ती कुर्ल्याहून रे रोडपर्यंत, गोदीच्या बाजूने, म्हणजे मेन लाइनच्या पूर्वेकडून. तिला व्हीटीला आणायचं होतं. आजही सीएसएमटीला हार्बरचे १ आणि २ नंबरचे प्लॅटफॉर्म पश्चिमेच्या टोकाला, डी. एन. रोडच्या बाजूला आहेत. पूर्वेकडून येऊन पश्चिमेला जायचं, तर मधली मेन लाइन ओलांडणं आलं. जमिनीवरून ओलांडली तर दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींची वाट अडवणार. आजूबाजूला डोंगरीची दाट वस्ती, सरकायला जागा नाही. मग राहिला एकच रस्ता, वरचा!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गानेच धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे ती ऐतिहासिक गाडी याच वरच्या मजल्यावरून गेली.

स्टेशनचं नावही त्या गर्दीचीच गोष्ट सांगतं. लॉर्ड सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० या काळातले मुंबईचे गव्हर्नर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले गेले. त्यातलाच एक सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. २०२४ मध्ये या स्टेशनला ‘डोंगरी’ नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला.

पूल नसतो तेव्हा

उंचीची किंमत ती नसते तेव्हा कळते. सँडहर्स्ट रोडच्या शेजारीच हँकॉक पूल होता, माझगाव आणि डोंगरीला जोडणारा. जुना आणि कमी उंचीचा म्हणून जानेवारी २०१६ मध्ये तो पाडला. नवा पूल सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या सहा वर्षांत लोकांनी काय केलं? रूळ ओलांडले. दप्तर पाठीला लावलेल्या शाळकरी मुलांनीसुद्धा. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं.

आता पुन्हा खडवलीचा विचार करा. घरांच्या किमतीमुळे आपल्यासारखी नोकरदार मंडळी टिटवाळा, खडवली, वासिंदकडे सरकतायत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरात आता इथेही लागते. पण ती पाच मिनिटं कुठून जातात? पुलावरून की रुळांवरून? लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल वर्षानुवर्षं एकाच जोडी रुळांवर धावल्या, म्हणून तर कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम हाती घ्यावं लागलं. गाड्या वाढल्या की रूळ ओलांडणं आणखी जिवावरचं होणार.

सँडहर्स्ट रोडला जागा संपल्यावर अक्कल लढवावी लागली आणि लोखंडाचा अख्खा मजला उभारावा लागला. खडवलीकडे अजून जागा आहे. रुंद पूल, सरकते जिने, स्टेशनबाहेर रिक्षा-बससाठी मोकळा चौक, हे सगळं आज जमिनीवर आखता येतं. उद्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिल्यावर तेच हवेत बांधावं लागेल, दहापट खर्च करून. फ्लॅट बुक करताना स्विमिंग पूल विचारता ना? मग स्टेशनचा पूलही विचारा की, बॉस!

कसं जाल?

खडवली : सीएसएमटीहून कसारा किंवा आसनगाव लोकल. पावसाळ्यात भातसाच्या पात्रात उतरू नका. इथे बुडून मृत्यू झालेत, प्रशासन मनाई आदेशही काढतं. आणि कचरा टाकण्याआधी आठवा, भातसा धरणातून सोडलेलं पाणी याच नदीतून पिसे इथल्या बंधाऱ्यावर जातं आणि तिथून मुंबईच्या नळाला येतं!

सँडहर्स्ट रोड : मेन लाइनची स्लो किंवा कोणतीही हार्बर लोकल. खालून वर जिना चढून जा, घाई न करता. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक तपासूनच निघा.