गोदाकाठावरून ताईस

परभणी,
जुलैचा पहिला रविवार, रात्री

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

मनमाडहून निघालेली आमची गाडी दिवसभर ज्या मुलखातून चालली, तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातले एक प्रकरण, ज्याची आठवण नगरकडच्या आपल्या लोकांनाही आता फारशी राहिलेली नाही, त्याच अमलात घडले. म्हणून जालना आले तसा मी खिडकीशी सरकून बसलो. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले ते याच जालन्याजवळ. गावठाण आखणे, विहिरी, शाळा, शेती, असा तो सारा व्याप ऐकताना एखाद्या निश्चिंत, भाग्यवान पुरुषाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पण १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा काय झाले ते आठव. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती त्यांच्यामागे मिशनच्या आश्रयाला गेला, वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली, आणि तो अजाण मुलगा कोर्टाच्या हुकमाने वडिलांच्या हवाली झाला. पुढे मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या त्या पोराला जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्रह्मवृंदात असा कलह माजला, की त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही बहिष्काराची झळ लागली. इतिहासकार कायद्याची आणि धर्मशास्त्राची बाजू सांगतात. मला मात्र राहून राहून त्या थोरल्या भावाच्या रात्री दिसतात. ज्या प्रभूसाठी आपण घरदार सोडले, त्यानेच आपल्या पाठच्या भावाला ही शिक्षा का होऊ दिली, हा प्रश्न त्या माणसाला पडला नसेल, असे मला वाटत नाही. त्यानंतर कित्येक वर्षांनी बेथेल वसले.

परतूर, सेलू, मानवत रोड, अशी स्थानके मागे पडत गेली. दोहो बाजूंना काळी जमीन, मृगाच्या आशेवर टोचलेली सरकी कुठे उगवलेली, कुठे उगवून करपलेली, आणि डब्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द : दुबार पेरणी.

तुझे पत्र माझ्या खिशात होते. दाजींच्या आजारात आपण सर्वांनी, लहान मुलांनीसुद्धा, गुडघे टेकून जे मागितले ते मिळाले नाही. आणि नंतर भेटायला आलेला जो तो 'देवाची इच्छा' एवढे म्हणून, चहा घेऊन निघून गेला. तू लिहितेस की आता पवित्र शास्त्र कपाटात ठेवले आहे, आणि आपला राग देवावर आहे की त्याच्या नसण्यावर आहे, हे तुझे तुलाच कळेनासे झाले आहे. याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही आणि मी ते जुळवणारही नाही. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या समजूत घालणाऱ्यांवर. तोंडाला येईल ते बोललेल्या ईयोबाला तो आपला सेवक म्हणतो. तुझ्याकडे येऊन गेलेल्या मंडळींनी हा भाग अनेकदा वाचलेला आहे. तरी असे का होते, याचे मला मोठे दुःख वाटते.


गंगाखेड,
मंगळवार

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

परभणीहून परळीकडे जाणारी गाडी गोदावरी ओलांडते आणि लगेच गंगाखेड येते. पात्रात जुलै महिना असूनही वाळूच अधिक. हे जनाबाईचे जन्मगाव. तिचे मंदिर आहे, तिथे मी बराच वेळ बसून आलो. ख्रिस्ती माणसाचे तिथे काय काम, असे तू विचारणार नाहीस, कारण नारायण वामन टिळकांनी आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या वाटेने, असे मोकळेपणाने सांगितलेले तुला ठाऊक आहे, आणि आपल्या घरातली भजने त्याच वाटेने आलेली आहेत.

नामदेवाच्या घरची ही दासी दळताकांडताना विठ्ठलाला सोबतीला बोलावते, हे आपण लहानपणी शिकलो. परंतु तीच जनी प्रसंगी त्याच विठ्ठलाला अशा कडक शब्दांत फैलावर घेते, की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत, हे शाळेत कोणी शिकवले नाही. हेच आपल्या स्तोत्रसंहितेविषयीही म्हणता येईल. उपासनेत आपण उपकारस्तुतीची स्तोत्रे निवडून वाचतो, आणि हा देव झोपला आहे काय, आम्हांला विसरला आहे काय, असे विचारणारी कितीतरी स्तोत्रे तशीच मिटलेली राहतात. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. त्याला सांत्वनाची एक ओळ जोडण्याची इच्छा कोणाही लेखनिकाला झाली असती, पण ती जोडली गेली नाही. आणि वधस्तंभावर प्रभूच्या मुखातून जो आर्त प्रश्न निघाला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्याने मरणवेळी फिर्यादीचे शब्द निवडले, ही गोष्ट मी जितकी मनात घोळवतो तितकी मला तुझ्या पत्राची भीती कमी वाटू लागते. दरबारच अस्तित्वात नाही अशी ज्याची खात्री पटली, तो फिर्याद लिहीत बसत नाही. तुझे पत्र चार पानांचे आहे.

पंडिता रमाबाईंचेच बघ. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप आणि बहीण डोळ्यांदेखत गेली, ज्या देवतांसाठी तीर्थे पायाखाली घातली त्यांच्यावरची श्रद्धा तिथेच उडाली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तो पती गेला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, तोही शंका मिटल्यावर नव्हे. तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचा सिद्धांतांवरून चाललेला पत्रव्यवहार वाचला म्हणजे कळते, की ही बाई पटल्याशिवाय मान हलवणारी नव्हती. आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे स्वतःच आपल्या साक्षीत लिहिले, आणि बाप्तिस्म्यानंतरची तशी आठ वर्षे मोजून सांगितली. आठ वर्षे! आपण मात्र शोकात बुडालेल्या माणसाकडून आठ महिन्यांतच प्रसन्न चेहऱ्याची अपेक्षा करतो. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही केडगावी मुक्तिसदनात त्यांचे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू राहिले, आणि ते हातावेगळे करून पुढच्या एप्रिलात त्या गेल्या.


जिंतूर,
शनिवार, रात्री

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

बोरीवरून एस.टी.ने इथे आलो, आणि काल इथून जवळच्या एका खेड्यात, येलदरीच्या बाजूला, एका घरच्या पडवीत भरलेल्या उपासनेला गेलो. दहाबारा माणसे, एक ढोलकी, पाळक महिन्यातून एकदा येणारे. पाऊस अजून नाहीच. हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय वाचला गेला, ज्यात अंजीर, द्राक्षे, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, अशा एकेक नुकसानीचा पंचनामा करून तो तरीही प्रभूच्या ठायी हर्ष करीन म्हणतो. मला चार शब्द बोलायला सांगितले, पण त्या 'तरीही'वर बोलण्याचा अधिकार, ज्यांचे बियाणे उधारीचे होते त्यांच्यापुढे, मला नव्हता. मी फक्त वाचन पुन्हा एकदा सावकाश केले.

उपासनेनंतर एका तरुणाने मला बाजूला घेतले. त्याचे दुःख पिकाचे नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे त्याच्यासारख्यांची कोंडी अशी, की तहसीलीतल्या अर्जावर प्रभूचे नाव लिहावे तर सवलत जाते, आणि न लिहावे तर मन खाते. गावाच्या नजरेत मात्र त्याचे घर कोणताही दाखला न बघता पूर्वीच्याच वस्तीतले राहते. "बाप्तिस्म्यानं आमचं काय बदललं, ते सांगा," तो म्हणाला. त्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, थकवा होता. या आदेशात अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्याला सांगितले. श्रद्धेची कसोटी वगैरे शब्द वापरून सरकारी अन्यायाला पावित्र्य देण्याचे पाप आपण करू नये.

मग मी त्याला फादर नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांची गोष्ट सांगितली, आणि तुलाही ती सांगायची आहे. काशीचा हा महाराष्ट्रीय शास्त्री मिशनऱ्यांचे खंडन करायला गेला आणि १८४८ साली जौनपूरला ख्रिस्ती होऊन नेहेम्या झाला. पत्नी तान्ही मुलगी मागे ठेवून लवकरच वारली. 'षड्दर्शनदर्पण' लिहिणारा, वादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा पंडित, परंतु त्याच्या स्वतःच्या मनातला वाद कधीच निकाली निघाला नाही. शंकांनी त्याला जन्मभर छळले. आज समाधान, उद्या पुन्हा तळमळ. पंथ बदलून पाहिला, संन्यस्त फादरांच्या मठात उमेदवारी केली, पण शेवटची शपथ घेण्याइतकी स्वतःची खात्री त्यांना कधी वाटली नाही. १८९५ साली मुंबईत ते वारले, तोवर प्रार्थना, उपवास आणि गोरगरिबांत राहणे हा क्रम मात्र सुटला नाही. आणि विशेष असे की याच शंकाग्रस्त माणसाच्या लेखनाने रमाबाईंचे पाऊल ख्रिस्ताकडे वळले. ज्याला स्वतःला स्वस्थता नव्हती त्याच्या हातून दुसऱ्याला वाट सापडावी, हे मला आजवर कोडे वाटत आले आहे, आणि ते सुटावे अशी मला घाईही नाही. तरुण ऐकत होता. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारी येशील का विचारले, तेव्हा "येईन" म्हणाला.

तिथेच एक आजी भेटल्या. तरुणपणी गावोगाव शास्त्र वाचून दाखवत हिंडलेल्या. दोन मुलगे गेलेले, एका डोळ्याची दृष्टी गेलेली. मी तुझ्याविषयी, नाव न घेता, त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "ज्या दिशी माज्याच्यानं प्रार्थना होत न्हाई, त्या दिशी म्या नुसती येऊन बसते. बाकीचे करतेत की. त्यातच माजी धरून घेतो देव." मी विचारले, असे किती दिवस चालले होते? "लई वर्सं," एवढेच म्हणाल्या, आणि ढोलकी गोणपाटात गुंडाळू लागल्या.

पूर्णेवरून नांदेडला जाऊन, परतीच्या गाडीने पुढच्या शनिवारी मी नगरला पोचतो. रविवारी सकाळच्या उपासनेला जाईन. तुला यावेसे वाटले तर ये; गाऊ नकोस, डोळे मिटू नकोस, प्रभुभोजनाला उठावेसे वाटले नाही तर उठू नकोस. आणि नाहीच आलीस तर तुझ्या जागेवर मी बसतो, दुपारी जेवायला तुझ्याकडे येतो. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ