पुन्हा एकदा आदिलाबाद, या वेळी सावकाश

आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळींचा आदिलाबादशी संबंध बहुतेक वेळा गाडीच्या काचेतूनच येतो. नागपूरला लग्नाला निघालो की निर्मलचा घाट लागतो, मग इचोडा, गुडीहातनूर ही नावं येतात आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की ‘चला, महाराष्ट्र आला’ म्हणून आपण फोन बदलून नेटवर्क शोधू लागतो. फार तर पावसाळ्यात कुंतला धबधब्यावर एक चक्कर होते. कडेम नदीचं पाणी सुमारे दीडशे फुटांवरून कोसळताना पाहायचं, पायऱ्या उतरून-चढून दमायचं आणि घरी यायचं.

आमचंही पहिलं आदिलाबाद असंच झालं होतं. धबधबे पाहून झाले होते, म्हणून या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरवलं तेव्हा एकच अट घातली: गर्दीचं ठिकाण नको आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत. आम्ही दोघं आणि सासूबाई असे तिघे निघालो. सासूबाईंचं माहेर किनवटचं. त्यांच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांवर ‘जिल्हा आदिलाबाद’ असंच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही सहल नव्हतीच. त्या म्हणाल्या, “जिल्ह्याच्या गावाला जायचं आहे, एवढंच.”

शनिवार-रविवारसाठी सगळ्यात सोयीची गाडी म्हणजे कृष्णा एक्सप्रेस. रात्री बसायचं, सकाळी आदिलाबादला उतरायचं, परतीलाही तसंच. गंमत अशी की ही गाडी तेलंगणातून निघते, बासरनंतर महाराष्ट्रात शिरते, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी स्टेशनं घेत जाते आणि शेवटी पुन्हा तेलंगणात येऊन थांबते. पहाटे किनवट आलं तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून होत्या. प्लॅटफॉर्मवर पाहण्यासारखं काही नव्हतं, पण गाडी सुटेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

किनवट आणि आदिलाबाद एकमेकांपासून वेगळे झाले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. हैदराबाद संस्थानातून आलेलं राज्य भाषेप्रमाणे वाटलं गेलं. जिल्ह्यातला राजुरा आणि किनवटचा मराठी मुलूख मुंबई राज्याकडे गेला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. रेघ ओढली गेली, पण माणसं रेघेच्या दोन्ही बाजूंना होती तशीच राहिली. आजही आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. आमच्या भाड्याच्या गाडीचा चालक म्हणाला, “घरी मराठी बोलतो जी, शाळेत तेलुगू शिकलो, गिऱ्हाइकासंग जे लागल ते.”

डिसेंबर म्हणजे कापसाचे दिवस. काळ्या मातीतली पांढरी शेतं आणि मार्केट यार्डाकडे निघालेल्या, वरपर्यंत भरलेल्या गाड्यांची रांग पाहून सासूबाईंना आपलं गावच दिसू लागलं. थंडीही चांगली होती. तेलंगणातल्या थंडीच्या बातम्यांत आदिलाबादचं नाव नेहमी वर का असतं, ते सकाळी सहाला स्टेशनबाहेर उभं राहिलं की पटतं. गरम चहा झाला, आंघोळी उरकल्या, थोडी झोप काढली आणि दुपारी जैनथला निघालो.

जैनथ शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. नावावरून जैन तीर्थ वाटतं, पण आज तिथे लक्ष्मीनारायणाचं जुनं दगडी मंदिर आहे. कार्तिकात इथे मोठा उत्सव भरतो. एरवी दुपारी गेलात तर पुजारी, दोन-चार बायका आणि पारावर बसलेली म्हातारी माणसं एवढीच सोबत. वर्षातून ठरावीक दिवशी सूर्याचे किरण थेट देवाच्या पायांवर पडतात, असं पुजारी सांगतात. त्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नसते.

या सूर्यकिरणांच्या गोष्टीला एक जुनी जोड आहे. जैनथचा संस्कृत शिलालेख माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा. त्यात लोलार्क नावाच्या सरदाराची पत्नी पद्मावती हिने सूर्याचं, ‘निंबादित्या’चं देऊळ बांधल्याचं सांगितलं आहे. जगद्देव हा राजा उदयादित्याचा मुलगा, प्रसिद्ध भोजराजाचा पुतण्या. त्याचा दुसरा लेख पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडला आहे, शके १०३४ म्हणजे इसवी सन १११२ चा. थोरला भाऊ असताना आपण गादीवर बसणं बरं नव्हे म्हणून त्याने राज्य सोडलं आणि तो दक्षिणेत चालुक्य राजाकडे आला, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा आज ज्या नदीला आपण दोन राज्यांची सीमा म्हणतो, तिच्या दोन्ही काठांवर नऊशे वर्षांपूर्वी एकच माणूस कारभार पाहत होता. मला त्यातही पद्मावतीचं नाव टिकलं याचं जास्त अप्रूप वाटलं. त्या काळच्या किती बायकांची नावं अशी दगडावर राहिली?

संध्याकाळी पैनगंगेच्या काठी गेलो. पाणी संथ होतं, पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्यातला. रात्री जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. तिला तिथे ‘जोन्न रोट्टे’ म्हणतात, पण सासूबाईंनी वाढणाऱ्या बाईंना सरळ “भाकरी वाढ गं” म्हटलं आणि भाकरीच आली.

रविवारी सकाळी लवकर निघून इंद्रवेल्लीच्या दिशेने गेलो. त्याच भागात केसलापूर आहे, गोंडांच्या मेश्राम कुळाच्या नागोबाचं गाव. पौष अमावास्येला इथे मोठी जत्रा भरते. त्याआधी मेश्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने पूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख याच वेळी करून दिली जाते. तोपर्यंत त्या घराच्या सुना, देवाच्या नव्हेत. आम्ही गेलो तेव्हा जत्रेला महिनाभर अवकाश होता. वडाखाली, जिथे त्या दिवसांत बैलगाड्यांचा तळ पडतो, तिथे शेळ्या चरत होत्या. मेश्राम घरांनी आपसात वर्गणी काढून उभारलेलं नवं दगडी मंदिर शांत उभं होतं. सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे लग्नानंतर कुलदैवताला नेतात, तेच की हे.”

जत्रेत दरबार भरतो. अधिकारी येतात आणि आदिवासी आपली गाऱ्हाणी त्यांच्यापुढे मांडतात. ही प्रथा १९४० च्या दशकातली. गाऱ्हाणी तेव्हाही प्रामुख्याने जमिनीची होती. इंद्रवेल्ली गावात एक स्मारकस्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर तिथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा; लोक त्याहून बराच मोठा सांगतात. बाहेरून येऊन या जमिनींवर वसलेल्यांत तेलुगू बोलणारे होते, तसे मराठी बोलणारेही होते. ‘सीमाभागातला आपला मराठी माणूस’ हा आपल्या गप्पांचा आवडता विषय. त्या स्तंभासमोर उभं राहिल्यावर तो तितका सरळ राहत नाही. १९५६ च्या वाटणीत मराठी इथे लहान झाली हे खरं, पण गोंडीच्या शेजारी ती कायम थोरलीच होती.

पुढे उटनूर, आणि तिथून जैनूरजवळचं मारलवाई. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्यामुळे हे गाव आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येतं. कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. हे बंड का झालं, ते शोधण्याचं काम निजाम सरकारने एका परदेशी माणसाकडे दिलं: व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. युद्ध सुरू झालं तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी शत्रू. त्यांना हैदराबाद संस्थानातच राहण्याची अट होती. त्या सक्तीच्या मुक्कामात ते आणि त्यांची पत्नी बेटी मारलवाईत झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले.

१९४३ मध्ये इथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. गोंडीतली पहिली वाचनपुस्तकं तयार झाली ती देवनागरीत, कारण या भागात व्यवहाराला मराठी चालत होती. पुढे शाळा तेलुगू झाल्या आणि ती वाट मागे पडली. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या आणि त्यांना मारलवाईतच पुरलं. शेजारी हायमेनडॉर्फ यांचंही स्मारक आहे. साधा ओटा आणि आजूबाजूला शेतं, एवढंच. गावातल्या एका आजोबांनी “राम राम” केला आणि आम्हाला विचारलं, “कुठले?” सासूबाई म्हणाल्या, “किनवटची.” ते म्हणाले, “मग आपल्याच जिल्ह्याच्या.” पुढची पंधरा मिनिटं दोघं किनवटच्या बाजाराबद्दल बोलत होते.

याच गावचे कनक राजू. दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचे भले मोठे टोप घालून होणारं गुसाडी नृत्य त्यांनी अनेक तरुणांना शिकवलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले.

शेवटचं ठिकाण गुंजाला, नारनूर मंडलातलं. इथल्या घरांत जुन्या हस्तलिखितांच्या वह्या जपलेल्या होत्या, गोंडीच्या स्वतःच्या लिपीत. हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांमुळे त्या बाहेर माहीत झाल्या. यांतली काही १७५० च्या सुमाराची मानली जातात. २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ती लिपी युनिकोडमध्ये आली. म्हणजे आज आपण फोनवर मराठी लिहितो तशी गोंडीही तिच्या अक्षरांत लिहिता येते. वाचणारे थोडे आहेत, मुलांना शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. भिंतीवर रंगवलेली वळणदार अक्षरं पाहून सासूबाई म्हणाल्या, “मोडीसारखीच गत झाली असती की यांची.” आपल्या मोडीचे कागद किती घरांतून रद्दीत गेले, ते आठवून आम्ही दोघं गप्प राहिलो.

जाणार असाल तर काही गोष्टी. ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने उत्तम. आदिलाबाद शहरात मुक्काम करून गाडी ठरवा, बस सगळीकडे वेळेवर मिळेलच असं नाही. शनिवारी जैनथ आणि नदी, रविवारी केसलापूर, मारलवाई आणि गुंजाला. रात्री परतीची गाडी. उटनूरच्या पुढे जेवणाची सोय बेताची आहे, डबा बरोबर ठेवा. गोंड गावांत देवस्थानी जाण्याआधी विचारा आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका. इथली ओतीव पितळी ‘आदिलाबाद डोकरा’ कला २०१८ पासून भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. घ्यायची तर कारागिराकडून घ्या, घासाघीस फार करू नका. मुलांना जरूर न्या. एकाच दिवसात चार भाषा कानावर पडतील असं ठिकाण आपल्या इतक्या जवळ दुसरं नाही. आणि घरात कुणी वडीलधारी असतील, ज्यांच्या जुन्या कागदांवर अजून निजामाच्या जिल्ह्यांची नावं आहेत, तर त्यांना आधी न्या.